प्रकृती स्थिर, गुडघा वाकडा

व्हॉट्सॲपवर एक गोष्ट दर काही महिन्यांनी फिरून येते. अमेरिकेतल्या एका खेड्यातली शाळा पेटते. एका लहान मुलाचे दोन्ही पाय भाजतात. डॉक्टर म्हणतात, हा पोरगा कधी चालणार नाही. आणि तोच पोरगा पुढे मोठा धावपटू होतो. शेवटी उगवत्या सूर्याचा फोटो आणि खाली ओळ: इच्छाशक्ती असेल तर काहीही अशक्य नाही. खाली हात जोडलेले इमोजी.

गोष्ट खरी आहे. मुलाचं नाव ग्लेन कनिंगहॅम, राज्य कॅन्सस, साल १९१७. शाळेतली शेगडी पेटवायला गेलेल्या पोरांच्या हातात रॉकेलच्या डब्यातून पेट्रोल आलं आणि भडका उडाला. थोरला भाऊ फ्लॉइड वाचला नाही. ग्लेनच्या गुडघ्यांवरचं आणि नडग्यांवरचं मांस गेलं, डाव्या पायाची बोटं गेली. पाय कापावे लागतील असं डॉक्टर म्हणत होते. पुढे १९३४ मध्ये याच माणसाने एक मैल ४ मिनिटं ६.७ सेकंदांत धावून जागतिक विक्रम केला आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये १५०० मीटरचं रौप्यपदक घेतलं.

फॉरवर्डमध्ये एक गोष्ट मात्र गाळलेली असते, किंवा एका वाक्यात उरकलेली असते. १९१७ च्या हिवाळ्यात भाजलेला ग्लेन चालायला लागला १९१९ च्या उन्हाळ्यात. मधली दोन वर्षं घरातली माणसं त्याचे पाय रोज चोळत होती, ताणत होती. म्हणजे रोज कुणीतरी त्याच्यासाठी वेळ काढत होतं आणि त्याचं रडणं ऐकूनही हात थांबवत नव्हतं. इच्छाशक्ती त्याच्याकडे होतीच. पण ज्यावर ती इच्छाशक्ती उभी राहिली ते काम दुसऱ्या कुणाचं तरी होतं, कंटाळवाणं होतं, आणि त्याचा फोटो निघत नाही.

माझं भांडण या गाळलेल्या दोन वर्षांसाठी आहे. आपल्याकडे पाय भाजलेल्या माणसाचं चालणं आगीत क्वचितच जातं. ते जातं डिस्चार्ज मिळाल्यानंतर, घरी, हळूहळू, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. आणि ते गेलं की आपण म्हणतो, 'नशीब' किंवा 'त्याने मनावर घेतलं नाही.' दोन्ही खोटं आहे.

कातडीखाली काय चालतं

आधी यंत्रणा समजून घेऊ, कारण ती समजली की बाकीचा राग आपोआप येतो.

खोल भाजलेली जखम भरताना शरीर तिथे काही खास पेशी आणतं. त्यांना मायोफायब्रोब्लास्ट म्हणतात. अर्ध्या स्नायूसारख्या, अर्ध्या ताणे विणणाऱ्या कोष्ट्यासारख्या. त्यांचं काम जखमेच्या कडा एकमेकींकडे ओढणं. उघडी जखम लवकर बंद व्हावी म्हणून ही सोय आहे, आणि लहान जखमेत ती उत्तम चालते. पण जखम गुडघ्याच्या मागच्या खळगीत असेल, तर तीच ओढ पोटरीला मांडीकडे खेचते. घोट्याच्या मागे असेल तर टाच वर ओढली जाते आणि माणूस चवड्यावर उभा राहतो. पावलाच्या वरच्या बाजूला असेल तर बोटं आकाशाकडे वळतात आणि चपलेत पाय जात नाही. याला कॉन्ट्रॅक्चर म्हणतात. साध्या मराठीत, सांधा आखडतो.

ही ओढ जखम वरून भरल्यावर थांबत नाही. व्रण पिकायला, म्हणजे लाल-कडक-खाजरा असलेला मऊ-फिकट व्हायला, साधारण एक ते दोन वर्षं लागतात. तोवर तो रोज थोडा थोडा आवळत राहतो. त्याला रोज थोडं थोडं उलटं ताणणं हा उपचार आहे. हळू ताणायचं, व्रण ताणाने पांढुरका पडेपर्यंत, तिथे धरून ठेवायचं, सोडायचं, पुन्हा धरायचं. दिवसातून एकदा करून भागत नाही, अनेकदा करावं लागतं. त्याआधी तेल किंवा क्रीम लावून व्रण मऊ करायचा, कारण भाजलेल्या कातडीच्या तेलग्रंथी गेलेल्या असतात आणि कोरडा व्रण ताणला की चिरतो. रात्री माणूस झोपतो, व्रण झोपत नाही; म्हणून रात्री गुडघा सरळ आणि घोटा काटकोनात धरणारी पट्टी, म्हणजे स्प्लिंट. दिवसा घट्ट प्रेशर गारमेंट, दिवसाचे जवळपास २३ तास. मे महिन्यात, अलिबागच्या घामात, २३ तास. हे वाचायला सोपं आहे.

आणि यातली सगळ्यात क्रूर गंमत अशी: भाजलेल्या माणसाला ज्या स्थितीत बरं वाटतं, नेमक्या त्याच स्थितीत सांधा आखडतो. गुडघ्यामागे जखम असेल तर गुडघा वाकवला की दुखणं कमी होतं. म्हणून घरातली माणसं प्रेमाने गुडघ्याखाली उशी देतात. ती उशी रात्रभर, महिनाभर तिथेच राहते. मग एक दिवस उशी काढली तरी गुडघा तसाच वाकलेला राहतो. ज्या घरात पेशंटला सगळ्यात जास्त जपलं जातं, त्या घरात हे सगळ्यात लवकर होऊ शकतं. उशी देऊ नका हे सांगायला अर्धा मिनिट लागतो. तो अर्धा मिनिट कुणाच्या कामाच्या यादीत आहे?

'प्रकृती स्थिर' ही बातमीची शेवटची ओळ

रायगडचा किनारा रिसॉर्टच्या जाहिरातीत नारळ, वाळू आणि उकडीचे मोदक एवढाच दिसतो. इथे राहणाऱ्यांना दुसरा नकाशाही पाठ असतो. उरणला ओएनजीसी, थळला आरसीएफ, पलीकडे डोलवी, नागोठणे, रोहा, धाटाव, महाड. ३ सप्टेंबर २०१९ ला उरणच्या ओएनजीसी प्रकल्पात आग लागली, चार जण गेले. १९ ऑक्टोबर २०२२ ला थळच्या आरसीएफमध्ये स्फोट झाला, तिघे गेले. नोव्हेंबर २०२३ मध्ये महाड एमआयडीसीतल्या औषध कारखान्यात स्फोट आणि आग, पुन्हा कामगार गेले. हे सगळे आकडे मृतांचे. मेलेल्यांची मोजदाद होते, आणि व्हायलाच हवी. जखमींसाठी मात्र एक ठरलेलं वाक्य असतं: 'इतरांवर उपचार सुरू असून त्यांची प्रकृती स्थिर आहे.' त्यानंतर बातमी संपते. आठ महिन्यांनी त्यातला कोण जिना चढू शकतो, हे कुठल्याही वर्तमानपत्रात मी वाचलेलं नाही.

कारखाने तर मोठे, दिसणारे. न दिसणारं भाजणं घराघरांत होतं: पेजेचं पातेलं उलटणं, चुलीने साडीचा काठ धरणं, बोटीवर खलाशी जेवण रांधत असताना लाटेबरोबर स्टोव्ह कलंडणं, दिवाळीत पायाशी फुटलेला अनार. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार भारतात दरवर्षी १० लाखांहून जास्त लोक मध्यम किंवा गंभीर स्वरूपात भाजतात. यातले बहुसंख्य जगतात. प्रश्न जगलेल्यांचा आहे.

आमच्या आळीतले एक काका कंत्राटी कामगार होते. गरम पाण्याची लाइन फुटली आणि दोन्ही पाय मांडीपासून खाली भाजले. कातडी लावली, पाच आठवड्यांनी घरी पाठवलं. डिस्चार्ज कार्ड मी स्वतः वाचलंय. औषधांची नावं होती, ड्रेसिंगच्या तारखा होत्या, आणि सगळ्यात शेवटी दोन शब्द: 'फिजिओथेरपी ॲडव्हाइज्ड'. कुठली, कुठे, किती वेळा, कोण करणार, काहीच नाही. चार महिन्यांनी उजवा गुडघा सरळ होईना. दाखवायला नेलं तर ऐकावं लागलं, 'तुम्ही व्यायाम केला नाही का?' काकू म्हणाल्या, 'कुठला?'

या प्रश्नाचं उत्तर त्या खोलीत कुणाकडे नव्हतं.

चालणं म्हणजे नक्की काय

पुस्तकात चालण्यासाठी गुडघा साधारण ६० ते ७० अंश वाकावा लागतो असं दिलेलं असतं. तेवढा वाकला की पेशंट 'फंक्शनल'. हा हिशोब खुर्ची आणि कमोड असलेल्या घरातला आहे.

आमच्याकडे बंदरावर मासळी निवडायला उकिडवं बसावं लागतं. वाकटी-बोंबील वाळत घालताना तासन्‌तास बसणं-उठणं असतं. होडीत चढताना गुडघाभर पाण्यातून पाय उचलून काठावर टाकावा लागतो, आणि त्या वेळी होडी स्थिर नसते. लावणीला चिखलात घोटा सगळीकडे वळावा लागतो. पंगतीत मांडी घालता येत नाही तो माणूस लग्नाला जायचंच टाळतो. उकिडवं बसायला गुडघा १३० अंशांच्या पुढे वाकावा लागतो. म्हणजे कागदावर 'चालतो' असं लिहिलेला माणूस प्रत्यक्षात रोजगारातून, शेतातून, संडासातून आणि पंगतीतून उठलेला असू शकतो.

बाईच्या बाबतीत यात आणखी एक थर असतो. भाजलेल्या बाईला आधी 'कशी भाजलीस' याचं उत्तर द्यावं लागतं: पोलिसांना, सासरला, शेजाऱ्यांना. मग ती घरी येते आणि चार दिवसांत चुलीपाशी उभी असते. तिचे पाय ताणायला दिवसातून चार वेळा कोण बसणार? ग्लेनची आई ग्लेनच्या पायाशी बसली. आई भाजली की तिच्या पायाशी कोण बसतं, याचं उत्तर आपल्या घरात शोधून बघा.

'पेशंट को-ऑपरेट करत नाही'

हे वाक्य मला अतिशय चीड आणतं. जरा अंतरं बघा. भाजलेल्यांसाठीची खास केंद्रं कुठे आहेत? ऐरोलीत नॅशनल बर्न्स सेंटर आहे. मुंबईत कस्तुरबा आणि मसीना रुग्णालयांत बर्न्स वॉर्ड आहेत. देशातली पहिली त्वचापेढी २००० साली शीवच्या टिळक रुग्णालयात सुरू झाली. सगळी खाडीच्या पलीकडे. अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन यांतल्या एकाही गावाला प्रवासी रेल्वे नाही. पावसाळ्यात गेटवे-मांडवा लाँच बंद. श्रीवर्धनहून मुंबईकडे एसटीने निघालात तर एका बाजूचे पाच-सहा तास, आणि ते गुडघा वाकवून बसायचे. म्हणजे सांधा सरळ करायला जाण्यासाठी माणसाने दिवसभर सांधा वाकवून बसायचं, शिवाय त्या दिवसाची मजुरी सोडायची, सोबत येणाऱ्याचीही. हे आठवड्यातून तीनदा, वर्षभर. कोण करेल को-ऑपरेट? मी ऐरोलीतच एका आयटी पार्कात काम करतो. पावसाने लोकल वीस मिनिटं उशिरा आली तर आमची टीम घरून काम करायचं म्हणते.

गंमत म्हणजे भारतातलं फिजिओथेरपीचं शिक्षण सुरू झालं ते याच खाडीच्या पलीकडे, परळच्या केईएममध्ये, १९५० च्या दशकात, पोलिओच्या पार्श्वभूमीवर. सत्तर वर्षं होऊन गेली. ते ज्ञान मांडव्याला उतरलं असेलही, पण मुरूडपर्यंत पुरेसं पोचलेलं नाही.

सरकारी योजना नाहीत असं नाही. आताची महात्मा फुले जन आरोग्य योजना २ जुलै २०१२ ला राजीव गांधी यांच्या नावाने सुरू झाली तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत रायगड होता. भाजण्यावरचे उपचार तीत आहेत, आणि त्यामुळे माणसं वाचली आहेत. पण तिची रचना भरती, प्रोसिजर आणि पॅकेज यांभोवती आहे. घरी, खाटेवर, रोज चार वेळा वीस मिनिटं चालणारा उपचार पॅकेजमध्ये कसा बसवणार? तो बसत नाही म्हणून तो पेशंटच्या इच्छाशक्तीवर सोडला जातो.

कामगार कायद्याचंही तेच. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याला जोडलेली एक यादी आहे: अंगठा गेला तर कमाईची क्षमता ३० टक्के गेली, अमुक ठिकाणी पाय तुटला तर अमुक टक्के. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही हीच पद्धत पुढे चालवली. यादी मुख्यतः तुटलेल्याची आणि गमावलेल्याची आहे. आखडलेला गुडघा त्या यादीत नाही. तो डॉक्टरच्या अंदाजावर जातो. अंगठा एका क्षणात तुटतो, त्यामुळे तारीख, साक्षीदार, पंचनामा सगळं असतं. गुडघा आठ महिने आखडत असतो. त्याचा पंचनामा कोण करणार? याच कायद्यात २००९ मध्ये दुरुस्ती होऊन कामावरच्या इजेचा प्रत्यक्ष वैद्यकीय खर्च मिळण्याची तरतूद आली. फिजिओथेरपी हा उपचारच आहे, स्प्लिंट हा उपचारच आहे. त्याची बिलं मागता येतात, हे कंत्राटी कामगाराला कोण सांगतं?

दोन आक्षेप

पहिला आक्षेप माझ्याच धंद्यातून येईल: 'यावर एक ॲप काढू या.' व्हिडिओ, रिमाइंडर, स्ट्रीक, बॅज. मी ॲप बनवतो, म्हणून सांगतो, इथे ॲप दुय्यम आहे. व्हिडिओ कॉलवर आठवण करून देता येते, कोन ढोबळ बघता येतो. पण व्रण किती ताणला की पांढरा पडतो आणि त्यापुढे किती गेलं की फाटतो, हे बोटाला कळतं, कॅमेऱ्याला नाही. नवीन लावलेली कातडी केव्हा हलवायची हे सर्जनला विचारूनच ठरतं. आधी हात लावणारं माणूस पोचवा. मग त्या माणसाच्या हातात हवं ते ॲप द्या.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. २०१७ मध्ये कॉक्रन या संस्थेने आखडलेल्या सांध्यांवरच्या स्ट्रेचिंगचे प्रयोग एकत्र तपासले आणि निष्कर्ष काढला, की सात महिन्यांपेक्षा कमी काळ केलेल्या ताणण्याने सांध्याच्या हालचालीत म्हणण्यासारखा फरक पडत नाही. मग हा सगळा आटापिटा कशासाठी? या निष्कर्षाला वळसा घालून पुढे जाणं मला पटत नाही. पण त्या प्रयोगांत मोठा वाटा पक्षाघात, मज्जारज्जूची इजा अशा रुग्णांचा होता. भाजलेल्यांवरचे अभ्यास मोजके. आणि त्यातून मी घेतलेला धडा वेगळा आहे: नुसतं ताणणं ही जादू नव्हे. पहिल्या दिवसापासूनची योग्य स्थिती, स्प्लिंट, हालचाल, उभं राहणं, दुखणं कमी करणारी औषधं, आणि तरीही आखडलं तर वेळेत शस्त्रक्रिया, असा तो अख्खा कार्यक्रम आहे. कार्डावरचे दोन शब्द त्याची जागा घेऊ शकत नाहीत. उशिरा आणि अर्धवट केलेल्या ताणण्याचा उपयोग होत नसेल, तर ते लवकर आणि पूर्ण करण्याची सोय मागायला हवी.

मग मागायचं काय

अशक्य काही नाही. कुष्ठरोग कार्यक्रमात या देशाने फिजिओ टेक्निशियन तयार केले. आखडणारी बोटं रोज घरी कशी ताणायची, बधिर पायाची काळजी कशी घ्यायची, हे त्यांनी रुग्णांना शिकवलं. म्हणजे हे गावात करता येतं, हे आपल्याला माहीत आहे. नवजात बाळासाठी आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी जातात. तारखा ठरलेल्या, फॉर्म ठरलेला, मानधन ठरलेलं. खोल भाजलेल्या प्रत्येक माणसासाठी अशाच तारखा का नाहीत? आधीच कामाने वाकलेल्या आशाताईंवर फुकट आणखी एक काम नको. पैसे देऊन, शिकवून, आणि मागे तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात एक फिजिओथेरपिस्ट बसवून.

डिस्चार्जच्या दिवशी स्प्लिंट पायावर चढलेला असल्याशिवाय पेशंट घरी जाऊ नये. महागडं साहित्य नसेल तर प्लॅस्टरची पट्टी चालते. कार्डावर दोन शब्दांऐवजी आजचा कोन लिहावा: गुडघा इतके अंश सरळ, इतके अंश वाकतो. पुढच्या खेपेला तो पुन्हा मोजावा. जे मोजलं जातं त्यालाच कुणीतरी जबाबदार असतं. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही लॉग नसलेल्या बिघाडाला बिघाडच मानत नाही, आणि इथेही तसंच चाललंय.

ज्या कारखान्यात माणूस भाजला, त्या कारखान्याने व्रण पिकेपर्यंतचा, म्हणजे दोन वर्षांपर्यंतचा, प्रवास, मजुरी आणि फिजिओ यांचा खर्च उचलावा, कामगार कंत्राटी असला तरी. या किनाऱ्यावर ज्वालाग्राही वायूच्या टाक्या उभ्या करायला परवानगी मिळते, तर त्याच अर्जात जवळचा फिजिओथेरपिस्ट किती किलोमीटरवर, हा रकाना असायला काय हरकत आहे?

आणि आपण, हे फोनवर वाचणारे. तुमच्या गावात, नात्यात कुणी भाजल्याचं कळलं की 'कसे आहेत' विचारून थांबू नका. विचारा: गुडघ्याखाली उशी आहे का? रात्री पट्टी बांधतात का? शेवटचा कोन कधी मोजला? यातल्या एकाही प्रश्नाला उत्तर नसेल, तर रुग्णालयात जाऊन तो विचारा, लेखी विचारा. आठव्या महिन्यात विचारण्यापेक्षा आठव्या दिवशी विचारा.

काकांचा गुडघा अजून पंधराएक अंश वाकलेलाच आहे. ते चालतात. होडीवर जात नाहीत.